शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांचा एक नियम होता. गाणं चार कडव्यांचं असो की दहा, शेवटच्या कडव्यात ते लिहिणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. त्याला 'छाप' म्हणत. छाप नसलेलं गाणं बेवारशी. कोणीही उचलावं आणि आपलं म्हणावं. ऐकणारेही छापेची वाट बघत बसायचे आणि नाव आलं की माना डोलवायचे.

गाणी मी लिहायचे. छापेत नाव मात्र मामाचं असायचं. मामा पेटी वाजवायचा, पार्टी त्याचीच होती, आणि त्याला लिहिता यायचं ते सहीपुरतं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. पोरीचं नाव भोंग्यावरून गावोगाव गेलं तर तिला सोयरीक कोण आणील, असं माय म्हणायची. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आम्ही छप्पन साली धर्म बदलला तेव्हा ब्रह्मही सोडलं आणि राक्षसही सोडला, पण माझ्या पाठीमागचा काही हटला नाही. कुत्र्याची भीती, विहिरीची भीती, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाची भीती. माझ्या वाटची भीती देऊन झाल्यावर देणाऱ्याने मापं पुन्हा भरली असावीत.

वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात माय, मी आणि फौजेत गेलेला दादा. माय लोकांच्या शेतात निंदायला जायची, आणि दादाच्या मनिऑर्डरीवर आमची चूल पेटायची. आमचं गाव किन्हीराजापासून पायी तासाभराच्या वाटेवर. तेव्हा जिल्हा अकोला होता, आणि मोठं गाव म्हणजे वाशीम.

भरती झाल्यावर दादा पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. फौजेने दिलेले बूट त्याला एक माप मोठे होते. बदलून का घेत नाही म्हटलं तर म्हणाला, तिथे बदलून कोण देतो. मायनं आपलं एक जुनं लुगडं फाडलं, चिंध्यांच्या घड्या केल्या, त्यांना टाके घातले आणि दोन्ही बुटांच्या पंजात दाबून बसवल्या. दादा अंगणात धपाधपा चालून म्हणाला, "आता बराबर झाले."

एकाहत्तरचा हिवाळा. कापूस वेचणी चालू होती आणि लढाई सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे सगळं गाव जमायचं. आपलं सैन्य इतके मैल पुढे गेलं म्हटलं की पोरं टाळ्या पिटायची. मला त्या टाळ्यांनी घाम फुटायचा. पुढे गेलं म्हणजे दादा पुढे गेला. महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन सायकलवरून वस्तीच्या वळणावर दिसला की मी आत जाऊन धान्याच्या कोठीमागे उभी राहायचे. माय बाहेर थांबायची. तार आली असेल तर ती मला वाचावी लागेल, दुसरं कोणी वाचणारं नव्हतं, म्हणून मी लपायचे. मी समोर नसले तर तार आलीच नाही असं होईल, अशी माझी त्या वेळची अक्कल.

लढाई जिंकली. गावात गूळ वाटला. मायनं आपल्या वाटचा खडा पदरात बांधून ठेवला आणि पंधरा दिवसांनी दादाचं पत्र आलं तेव्हा खाल्ला.

उन्हाळा लागताना दादा आला. वाशीमच्या स्टेशनवर आम्ही घ्यायला गेलो होतो. तो उतरला आणि मला वाटलं, दुसराच कोणी उतरला. वाळला होता, पण तेवढंच नव्हतं. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. गावातले लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला यायचे, आणि हा त्यांना तिकडच्या भातशेतीबद्दल सांगायचा.

एका दुपारी माय शेतात होती. मी ओसरीवर भुईमूग फोडत बसले होते. दादा शेजारी येऊन बसला, मूठभर शेंगा घेतल्या, फोडल्या नाहीत.

"तुले एक सांगतो," तो म्हणाला. "मायले सांगजो नोको. कोनालेच नोको."

"नाई सांगत."

"माहे बूट गेले तिकडं. चिखलात तळवा निंघून गेला. दोन दिवस फडकं बांधून चाललो. मंग एक पोट्टा पडेल होता. त्यायच्याकडला. थ्याले आता बुटाचं काय काम, म्हनलं. काढले."

मी हात थांबवले.

"पाय घातला तं आत चिंधी. घडी करून, टाके मारून. हिरव्या कापडाची, बारीक बारीक फुलं. थ्यालेबी मोठेच देल्ले होते बूट." मग हातातल्या शेंगा खाली ठेवून म्हणाला, "माह्या पायाले असे बराबर बसले. चिंधीसगट."

लढाई संपेपर्यंत तेच बूट त्याच्या पायात होते. एवढं सांगून तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. बैल शेजाऱ्यांचे होते.

सुट्टी संपून दादा गेला आणि आठवड्याच्या आत मी गाणं लिहिलं. लिहिलं म्हणण्यापेक्षा ते माझ्याकडून लिहून झालं. धुरपद असं होतं:

*सांग गड्या, कोनं कोनाले मारलं रं?*
*इकडल्या मायनं लुगडं फाडलं,*
*तिकडल्या मायनंबी फाडलं रं.*

पाच कडवी झाली, सहावं शेवटचं. छापेपाशी आले आणि अडले. मामाचं नाव घालावं तर मामा आयुष्यात कधी अकोल्याच्या पुढे गेला नव्हता. माझं घालायचा प्रश्नच नव्हता. गोष्ट दादाची, पाय दादाचे. मी दादाचं नाव घातलं. ते नाव इथे लिहीत नाही, ती जागा मोकळी सोडते:

*फौजी … म्हने, काढले बूट म्या मेलेल्या पायाचे,*
*चिंधी दिसली अन् आठोले हात माह्या मायचे.*

कोणालाच नोको, असं तो म्हणाला होता. मला ते आठवत नव्हतं असं नाही. पण गाणं झालं होतं, आणि मला ते आवडलं होतं. माझ्या भावाचं नाव दहा गावांत माना डोलवून ऐकतील, याचा मला अभिमानच वाटला. लिहिणाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये तो यासाठीच. भित्र्या माणसाला नको तिथे भीती वाटते, आणि जिथे वाटायला हवी तिथे तो खुशाल झोपा काढतो.

मामानं गाणं संथ चालीत बसवलं होतं. वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमाला त्याने वाशीमहून एक बेंजोवाला आणला. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या चाव्या दाबून तारा छेडायचं वाद्य. या पठ्ठ्याने त्याला वायर जोडून ती थेट भोंग्यात नेली होती. त्याने संथ चाल ऐकली, नाक मुरडलं आणि तेच गाणं तिप्पट वेगाने उचललं. ढोलकीवाला त्याच्यामागे धावला, मामाची पेटी मागे राहिली. तारा किंचाळत होत्या, पोरं उभी राहून नाचत होती, आणि बायका त्याच गाण्यावर डोळे पुसत होत्या. एवढा गोंगाट आणि एवढं रडू मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. पुढे कैक वर्षांनी माझ्या नातवाने मला परदेशातली लढाईविरुद्धची रॉक गाणी ऐकवली, तेव्हा मी त्याला म्हटलं, बाळा, हे आमच्या बेंजोवाल्यानं आधीच करून ठेवलंय.

गाणं चाललं. लग्नांत वाजलं, बाजारात वाजलं. दुसऱ्या पार्ट्यांनी उचललं, पण छाप कोणी बदलली नाही, कारण नियम म्हणजे नियम. दादाला त्या वर्षी पुन्हा सुट्टी मिळाली नाही. पत्रात मी गाण्याचं कळवलं नाही. फौजेची पत्रं फोडून वाचतात असं ऐकलं होतं.

पुढच्या रामनवमीला मी आणि माय पोहरादेवीच्या यात्रेत गेलो. आम्ही देवासाठी नाही, भांड्यांसाठी जायचो. भर दुपार, पाय ठेवायला जागा नाही. एका चहाच्या हॉटेलावर कुठलीतरी पार्टी बसली होती आणि माझंच गाणं चालू होतं. माय पुढे पातेली बघत होती. मी ऐकायला थांबले. खोटं कशाला बोलू, मिशा असत्या तर पीळ दिला असता.

छाप आली. माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, ताठ, मिशा पांढऱ्या, छातीवर जुनं पदक. तो दुसऱ्याला म्हणाला, "हा पोट्टा नौकरीत आहे का सुटला?"

"नौकरीत आहे म्हनतात. इकडलाच आहे, किन्हीराजाकडला."

"मंग मेला हा," म्हातारा म्हणाला. "मेल्याच्या अंगाले हात लावला, अन् वरून सोताचं नाव घेऊन गाऊन राह्यला. आमच्या टायमाले याची फीत उतरली असती. नाई तं जेल. कोनतं पलटन आहे याचं, पाह्यलं पायजे."

आजूबाजूची सगळी यात्रा तशीच चालली होती, पाळणे फिरत होते, आणि मी जागची हलले नाही. मी काय केलं ते मला त्या क्षणी कळलं. भोंग्यावरून, बेंजोच्या तालावर, गावोगाव मी माझ्या भावाचा कबुलीजबाब वाचून दाखवत होते. खाली त्याची सही ठोकून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात माझा आणि अवलक्षण त्याचं. माय पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालं वं? ऊन लागलं काय?" मी हो म्हटलं.

घरी येताच मामाला गाठलं. मामा म्हणाला, "आपन नाई म्हनत उद्यापासून." पण आपण न म्हटल्याने काय होणार? बेंजोवाला म्हणत होता, बाकीच्या पार्ट्या म्हणत होत्या. गाणं म्हणजे काही शेळी नव्हे, हाकारून परत आणायला. मी नवी छाप लिहिली, तिच्यात माझं स्वतःचं नाव घातलं, सोयरीक गेली खड्ड्यात म्हटलं, आणि मामाला वाशीमला पाठवलं. बेंजोवाल्याने ती ऐकून सांगितलं की पब्लिकला जुनीच पाठ आहे, पोरीचं नाव आलं तर लोक हसतील.

मग मी वाट बघायला लागले. लढाईत वाटली त्याहून मोठी भीती मला त्या दोन महिन्यांत वाटली. लढाईत दादाला काही झालं असतं तर ते दुसऱ्याने केलेलं असतं. हे माझं होतं. दारात सायकलची घंटा वाजली की मी पुन्हा कोठीमागे जायचे. मायच्या नजरेला नजर देता यायची नाही. फीत म्हणजे दादाच्या बाहीवरची, फौजेतल्या नाईक हुद्द्याची फीत. ती लागली त्या दिवशी मायनं वस्तीत घरोघर साखर दिली होती.

सायकल आलीच. पोलीस ठाण्याचा हवालदार होता, घामाघूम झालेला, हातात कागदाची गुंडाळी. त्याने दादाचं नाव घेऊन घर हेच का म्हणून विचारलं. मायनं पाणी दिलं. मामा शेजारच्या ओसरीवर बसला होता, तो हळूच उठला आणि चार दिवस वाशीमला गेला. दोष देत नाही. आम्ही एकाच रक्ताचे.

हवालदारानं कागद उलगडला आणि माझं गाणं पंचनामा वाचावा तसं वाचलं. सहाच्या सहा कडवी. माय चुलीजवळ बसून ऐकत होती. तिनं ते गाणं पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं, कारण कार्यक्रमांना ती बसत नसे, आणि बाजारातल्या बेंजोच्या गलक्यात शब्द कोण ऐकतो. छापेपाशी तिचा हात थांबला.

"तुमच्या पोरानं लिवलं हे?" हवालदार म्हणाला. "त्याच्या पलटनीतून इचारना आली आहे."

माय माझ्याकडे बघू लागली. मी दाराची चौकट सोडून पुढे आले.

"म्या लिवलं साहेब. थ्याले तं ठाऊकबी नाई."

"तू? पोरी कधी असे गाने लिवतात काय?"

"सगळे गाने मीच लिवतो मामाचे."

"लिवून दाखव."

त्याने कागद आणि टाक दिला. मी खाली बसून सगळं गाणं एका दमात लिहून काढलं. शाई सांडली, अक्षर वाकडं आलं, पण कुठे थांबले नाही. त्याने त्याच्या कागदाशी ओळन् ओळ ताडून बघितली आणि त्याचा स्वर बदलला.

"अन् हे बुटाचं? हे थ्यानं तुले सांगतलं काय?"

इथे खरं बोलले तर दादा गेला, एवढं मला कळत होतं. "नाई," मी म्हटलं. "थे माह्या मनचं आहे. असं काई झालं नाई. सगळं खोटं आहे साहेब."

त्याने जबाब लिहून घेतला. सदर गाणं मी स्वतः रचलं असून त्यातला मजकूर काल्पनिक आहे, माझ्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही, इत्यादी. मी सही केली. गाणी लिहिणारी म्हणून माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आलं ते असं.

हवालदार गेला. भाकरी करपली. मग माय म्हणाली, "खरं सांग. काढले होते बूट थ्यानं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"थ्यानं तुले इश्वासानं सांगतलं," ती म्हणाली, "अन् तू भोंग्यावर सांगतलं."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून करपलेली भाकरी खाऊ लागली आणि चांगली माझ्या ताटात टाकली. मी त्या दिवशी जेवले नाही.

पावसाळा सगळा तसाच गेला. दादाचं पत्र यायचं, त्यात खुशाली आणि मनिऑर्डर मिळाली का एवढंच. विचारणेचा एक शब्द नाही. त्याला काही कळलं आहे की नाही हे मला विचारता येत नव्हतं. पत्रं फोडून वाचत असतील, आणि मी विचारलं तर माझा जबाब खोटा ठरेल. माझी सगळी भिस्त त्या कागदावर होती. साहेब तो वाचतील, म्हणतील एका येड्या पोरीनं मनचं लिहिलंय, आणि दादाला सोडून देतील.

तुरी शेंगांनी भरल्या होत्या तेव्हा दादा न कळवता आला. किन्हीराजाला एसटीतून उतरून पायी आला. मी अंगणात होते. मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, बाहीकडे बघितलं. फीत नव्हती. जिथे होती तिथलं कापड जास्त गडद होतं, आणि कडेनं उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं दिसत होती.

मी त्याच्या पायावर पडले. तो मागे सरकला. आपल्यात पाया पडत नाहीत म्हणाला. मायनं त्याला आत नेलं, पाणी दिलं, बाहीवरून एकदा हात फिरवला आणि चुलीकडे गेली.

दादा ओसरीवर येऊन बसला. मी लांब उभी होते.

"सायबानं तुहा जबाब दाखोला मले," तो म्हणाला. "म्हने, तुमची बहीन म्हनते हे सगळं खोटं आहे. तुमी फक्त हो म्हना, अन् जा."

"मंग?"

"मी नाई म्हनलं. खरं आहे, म्हनलं. बूट म्या काढले."

मी रडायला लागले. चीड आली होती मला, त्याची. दोन महिने भीतीनं मेले, पोलिसापुढे खोटं बोलले, मायपुढे तोंड राहिलं नाही, आणि यानं एका शब्दानं सगळं घालवलं. "काहून पन?" मी ओरडले. "काहून नाई हो म्हनलं? म्या लिवून देल्लं होतं ना!"

तो माझ्या पायांकडे बघत होता. "खोटं म्हनलं असतं," तो म्हणाला, "तं थो पोट्टा बी खोटा झाला असता ना."

मग त्यानंच विचारलं, "कसं आहे थे गानं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्या गाण्यानं त्याची फीत गेली ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्याला ते साहेबानं कागदावरून वाचून दाखवलं होतं, तेही हिंदीत करून.

"म्हन," तो म्हणाला.

मी आजवर कोणापुढे गायले नव्हते. पेटी नाही, ढोलकी नाही. मामाच्या पहिल्या संथ चालीत सुरुवात केली. माय चुलीपासून उठून दारात आली. पाच कडवी झाली, सहावं आलं. छापेपाशी मी माझी नवी छाप म्हटली, माझ्या नावाची.

"थांब," दादा म्हणाला. "पयली होती थे म्हन."

"नाई दादा. थ्याच्यात तुहं नाव आहे."

"असू दे. बूट काय तू काढले होते?"

मी मायकडे बघितलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती दारातच खाली बसली, ऐकायला. वाटेनं माणसं जात-येत होती, शेतातून बायका परतत होत्या, आणि त्या आवाज ऐकून थबकल्या होत्या. मला भीती वाटत होती, यात्रेत वाटली होती तेवढीच. मी त्याचं नाव घेतलं आणि कडवं शेवटपर्यंत म्हटलं.